अशोकारिष्टाची बाटली देण्यापूर्वी

स्त्रीरोगचिकित्सा हे आयुर्वेदाचे बलस्थान आहे, असे आपण परिषदांतून, चर्चासत्रांतून आणि आपल्याच नियतकालिकांतून सातत्याने म्हणत आलो आहोत. त्यात अतिशयोक्ती नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचा आणि असृग्दराचा सविस्तर विचार केला; सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही योनिव्यापदांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. आजही ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्री ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार घेऊन घराबाहेर पडते, तेव्हा तिचे पहिले पाऊल बहुधा वैद्याच्या चिकित्सालयाकडे किंवा जवळच्या औषधविक्रेत्याकडेच वळते. हा विश्वास आपण कमावलेला आहे. परंतु ज्याच्याकडे रुग्णा सर्वप्रथम येते, त्याच्यावर पहिल्या निर्णयाचे उत्तरदायित्वही येते. गेल्या काही वर्षांत स्त्री-आरोग्याच्या क्षेत्रात ज्या घडामोडी झाल्या, त्या पाहता हे उत्तरदायित्व आपण पुरेशा गांभीर्याने पार पाडतो काय, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

प्रथम श्वेतप्रदर या शब्दाकडेच पाहू. बृहत्त्रयीत श्वेतप्रदर हा स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिलेला नाही. निरनिराळ्या योनिव्यापदांत आढळणारे ते एक लक्षण आहे. व्यवहारात मात्र आपण लक्षणालाच व्याधी मानले आणि त्यावर पुष्यानुग चूर्ण, पत्रांगासव, अशोकारिष्ट अशी ठरावीक यादी तयार केली. रुग्णेने तक्रार सांगावी आणि वैद्याने चिठ्ठी लिहावी, किंवा चिठ्ठीही नसताना विक्रेत्याने फळीवरून बाटली काढून द्यावी, इतका हा व्यवहार सोपा झाला. शास्त्राने सांगितलेली दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा यात बसते कोठे?

या तक्रारीमागे काय काय दडलेले असते, याची माहिती आपल्याच प्रदेशातील संशोधनाने दिलेली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेले सर्वेक्षण १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. त्यांपैकी पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. म्हणजे रोग घरोघर आणि तपासणी जवळजवळ नाहीच, असे ते चित्र होते. पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की, अंगावरून जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण, विषाद आणि कौटुंबिक क्लेश यांच्याशी अधिक घट्ट होता. मनोदोषांचा विचार करणाऱ्या वैद्याला हे नवलाचे वाटू नये.

या दोन अभ्यासांचा एकत्रित बोध एवढाच की, ‘पांढरे जाणे’ या एकाच शब्दाआड किमान चार निरनिराळ्या अवस्था उभ्या असतात. एकीला प्राकृत स्राव असतो आणि तिला केवळ धीर हवा असतो. दुसरीला संसर्ग असतो, जो पतीवरही उपचार केल्यावाचून हटत नाही. तिसरीला खरे दुःख मनाचे असते. चौथीच्या गर्भाशयमुखावर कर्करोग आकार घेत असतो. या चौघींना एकच चूर्ण तांदुळाच्या धुवणाबरोबर देऊन आपण चिकित्सा केली असे म्हणता येणार नाही. पहिल्या तिघींच्या बाबतीत चूक झाली तर कालापव्यय होतो. चौथीच्या बाबतीत झाली तर प्राण जातो.

हे भय काल्पनिक नाही. जागतिक अनुमानांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णा आढळल्या आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हा रोग सावकाश वाढतो. कर्करोगपूर्व अवस्थेपासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. म्हणजे ज्या रोगाला गाठण्यासाठी निसर्गाने इतकी सवड दिली आहे, त्याच रोगाने इतके मृत्यू होत आहेत. कारण उघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झाली होती. उरलेल्या ९८ जणींपैकी किती जणी आपल्या चिकित्सालयांतून आणि दुकानांतून बाटली घेऊन गेल्या असतील, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा.

यावर काही वैद्यमित्र म्हणतात की, योनिपरीक्षण ही पाश्चात्त्य वैद्यकाची पद्धत आहे, आपण नाडी आणि लक्षणे पाहून चिकित्सा करतो. हे मत शास्त्रावरचे नव्हे, शास्त्राच्या विस्मरणावरचे आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात यंत्रविधी सांगताना वाग्भटाचार्यांनी योनिव्रणेक्षण यंत्राचे वर्णन केले आहे. ते सोळा अंगुळे लांब, मध्ये पोकळ आणि मिटलेल्या कमळकळीच्या आकाराचे असून शलाकेने उघडते. त्याचे नावच त्याचे प्रयोजन सांगते, योनीतील व्रण डोळ्यांनी पाहणे. ज्या परंपरेने हे यंत्र घडवले, तिच्या वारसांनी आज स्पेक्युलमला परके मानावे, हा दैवदुर्विलास आहे. शिवाय प्रसूतितंत्र व स्त्रीरोग हा आपल्या पदवी अभ्यासक्रमातील विषय आहे आणि योनिपरीक्षण त्यात शिकवले जाते. स्थानिक चिकित्सेच्या दृष्टीनेही हे अपरिहार्य आहे. गर्भाशयमुखाची स्थिती न पाहता आणि रुग्णा गर्भवती नाही याची खात्री न करता योनिधावन किंवा उत्तरबस्ति करणे हे साहस आहे. ती चिकित्सा नव्हे.

तपासणीने खरोखर प्राण वाचतात काय? याचेही उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर मिळालेले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणू-तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत, जिला ‘व्हीआयए’ म्हणतात, ती एकदाच वापरली असता मात्र त्या अभ्यासात मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा आणखी एक अभ्यास केला. तेथे हीच व्हीआयए तपासणी दर दोन वर्षांनी करण्यात आली आणि मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले. साधी पद्धतही सातत्याने आणि कुशलतेने वापरली तर फळ देते, हा त्याचा अर्थ.

मुंबईच्या अभ्यासातील एक तपशील आपल्यासाठी विशेष बोधप्रद आहे. ही तपासणी करणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. जे काम दहावी शिकलेली भगिनी चार आठवड्यांत आत्मसात करते, ते साडेपाच वर्षे अभ्यास केलेल्या वैद्याला जमणार नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू, कारण तपासणीचा आग्रह धरणाऱ्याला तिचे उत्तर द्यावेच लागते. अनेक अनुभवी वैद्य म्हणतात, ‘आम्ही रुग्णेला तपासणीसाठी पाठवतो आणि तिकडे तिची पिशवीच काढून टाकतात. त्यापेक्षा आमचे चूर्ण काय वाईट?’ हा आक्षेप पोकळ नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण सर्वांना स्मरत असेल. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याची माहिती जून २०१९ मध्ये विधान परिषदेत देण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडावर ना पाण्याची सोय ना शौचालयाची, त्यातून वारंवार संसर्ग, आणि त्यावर ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे भय. या साखळीतून तिशी-पस्तिशीतल्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेल्या.

हे केवळ बीडपुरते नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर देखरेख समित्या असाव्यात, अशी त्यांत योजना आहे. देशात अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खासगी रुग्णालयांत होतात, हेही सर्वेक्षणांतून समोर आले आहे. अकाली गर्भाशय गमावलेल्या आणि अनेकदा बीजकोशही गमावलेल्या स्त्रीला पुढे काय भोगावे लागते, ते आपण रोज पाहतो. अकाली रजोनिवृत्ती, दाह, अनिद्रा, कटिशूल आणि अस्थिक्षय घेऊन ती शेवटी आपल्याकडेच येते.

तेव्हा वैद्य आज दोन अनर्थांच्या मध्ये उभा आहे. तपासणी न करता औषध देत राहिला तर कर्करोग निसटतो. डोळे मिटून शस्त्रक्रियाकाराकडे धाडले तर निरोगी गर्भाशय जाते. यातून वाट एकच आहे. तपासणीपासून पळणे ही ती वाट नव्हे. स्वतः तपासून, नेमके कारण लिहून, नेमक्या प्रश्नासह पाठवणे आणि पाठवल्यानंतरही रुग्णेचा हात न सोडणे, ही ती वाट होय. ‘गर्भाशयमुखावर स्पर्शाने रक्तस्राव होतो, कृपया पुढील तपासणी व बायॉप्सी व्हावी’ असे लिहिलेली चिठ्ठी आणि ‘स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा’ हे तोंडी वाक्य यांत महदंतर आहे. पहिल्या चिठ्ठीला उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या वाक्याला कोणतेही उत्तर चालते.

रुग्णेला पर्यायांचे ज्ञान देणे हेही आपलेच काम आहे. अतिरक्तस्रावासाठी आज आधुनिक वैद्यकातही गर्भाशय काढणे हा पहिला उपाय राहिलेला नाही. ट्रॅनेक्झामिक ॲसिडसारखी औषधे आहेत, लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे गर्भाशयस्थ साधन आहे, अंतःस्तराचे दहन करण्याची पद्धत आहे. गंभीर कारण नाही, हे तपासणीने निश्चित झाल्यावर आपल्या रक्तस्तंभक, दीपन-पाचन आणि बल्य चिकित्सेलाही तेथे पुरेसे आणि सन्माननीय क्षेत्र आहे. ‘पिशवी काढायलाच हवी का?’ हा प्रश्न रुग्णेने विचारावा, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, हे तिला सांगण्याइतका विश्वास आपल्यावर तिचा आहे.

येथे एक अप्रिय विषय टाळता येत नाही. रुग्णा पाठवल्याबद्दल रुग्णालयाकडून ‘कट’ घेण्याची प्रथा आपल्या व्यवसायात नाही, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकेल काय? जो वैद्य अशी रक्कम स्वीकारतो, त्याला अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. बीडच्या त्या स्त्रिया रुग्णालयांपर्यंत आपोआप पोहोचल्या नाहीत. वाटेत कोणीतरी त्यांना दिशा दाखवली. ती दाखवणारे हात आपल्यापैकी कोणाचे नसोत, एवढे पाहणे संघटनेचे कर्तव्य आहे.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंसाठी दोन शब्द. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार स्त्रियांच्या मासिक पाळीतील विकार दुरुस्त करण्याचा दावा करणारी जाहिरात निषिद्ध आहे. त्याच्या परिशिष्टात गर्भाशयाचे विकार, रजःस्रावाचे विकार आणि स्त्रियांचे वंध्यत्वही समाविष्ट आहे. तरीही ‘स्त्रियांच्या सर्व तक्रारींवर रामबाण’ असे फलक दुकानांतून झळकताना दिसतात. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी हे फलक स्त्रीला एक घातक संदेश देतात, तो असा की तपासणीची गरज नाही, बाटली पुरेशी आहे. अरिष्टात स्वयंजनित मद्यांश असतो, हेही विसरून चालणार नाही; गर्भवतीच्या हाती ते सहज पडू नये.

विक्रेत्याने वैद्य व्हावे अशी अपेक्षा नाही. बाटली देण्यापूर्वी पाच प्रश्न मात्र त्याला विचारता येतील. वय किती? तक्रार किती दिवसांची? पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसते काय? संबंधानंतर किंवा पाळीव्यतिरिक्त रक्त जाते काय, अथवा स्रावाला दुर्गंधी आहे काय? दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे काय? रजोनिवृत्तीनंतरचा किंवा संबंधानंतरचा रक्तस्राव असेल तर बाटली न देता तिला तपासणीसाठी पाठवणे हाच धर्म. दुकानात उभ्या असलेल्या स्त्रीला हे प्रश्न संकोचाचे वाटू शकतात. छापील पत्रक हाती दिले तर तो संकोचही टळेल. एका बाटलीचा नफा बुडेल, पण दुकानाची प्रतिष्ठा वाढेल.

प्रतिबंधाच्या बाबतीतही आपली भूमिका निःसंदिग्ध असावी. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये या कर्करोगाच्या उच्चाटनाचे धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींचे पंधराव्या वर्षापूर्वी लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी, आणि आढळलेल्या ९० टक्के रुग्णांवर उपचार, अशी त्याची त्रिसूत्री आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. लसीविषयी आपल्या काही बंधूंच्या मनात अढी आहे. परंतु निदानपरिवर्जन, म्हणजे हेतूच टाळणे, ही आपल्या शास्त्राची पहिली चिकित्सा आहे. ज्या विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख-कर्करोग होतात, त्याला शरीरात रुजू न देणे हे या तत्त्वाशी सुसंगतच आहे. अर्थात उरलेल्या प्रकारांसाठी लस घेतलेल्या स्त्रीलाही पुढे तपासणी आवश्यक राहते, हेही सांगितले पाहिजे.

यासाठी संघटनेने पुढील ठराव करावेत, अशी नम्र सूचना आहे. तीस वर्षांवरील स्त्रीला योनिपरीक्षणावाचून प्रदराचे औषध एका आर्तवचक्रापलीकडे देऊ नये. पुरुष वैद्यांनी अशा परीक्षणाच्या वेळी स्त्री परिचारिकेची उपस्थिती अनिवार्य मानावी. तशी सोय नसेल तर स्त्रीवैद्याकडे पाठवावे. प्रत्येक जिल्हा शाखेने शासकीय रुग्णालयाच्या सहकार्याने व्हीआयए प्रशिक्षणवर्ग घ्यावा; मात्र दोष आढळलेल्या स्त्रीची कॉल्पोस्कोपी व उपचार कोठे होतील, हे आधी निश्चित करूनच तपासणी सुरू करावी. रजोनिवृत्तीनंतर ही पद्धत भरवशाची राहत नाही, हेही ध्यानात असावे. शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी अशी तपासणी दर पाच वर्षांनी विनामूल्य करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपलेच पदवीधर काम करीत आहेत. त्यांच्याशी खासगी वैद्यांनी संधान बांधले तर निम्मे काम झाले. शेवटी, प्रत्येक रुग्णेची नोंद ठेवावी: परीक्षणात काय दिसले, काय दिले, उपशय किती झाला. आपल्या योगांची उपयुक्तता जगाला पटवायची असेल तर ती अशाच नोंदींतून पटेल.

काही जण म्हणतील, तपासणीचा आग्रह धरला तर रुग्णा दुसरीकडे जाईल. काही जातीलही. परंतु ज्या स्त्रीचा रोग आपण वेळेवर ओळखला, ती आपल्या सुनेला आणि लेकीलाही आपल्याकडेच आणील. स्त्रीरोगचिकित्सा हे आयुर्वेदाचे बलस्थान आहे, हे वाक्य व्यासपीठावरून उच्चारण्याचा अधिकार आपल्याला परीक्षण करणाऱ्या वैद्यांच्या बळावरच मिळेल. संघटनेच्या आगामी सर्वसाधारण सभेत हे ठराव चर्चेस यावेत आणि संमत व्हावेत, एवढीच विनंती. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.